तरुणांच्या हाती रानाची निगा : अमेरिकेतील संवर्धन पथके नेमके काय शिकवतात?

रानवाट (धागाकर्ती)

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने यूथ कॉन्झर्वेशन कोअरच्या, म्हणजे वने व उद्यानांची निगा राखणाऱ्या तरुणांच्या सरकारी योजनेच्या, एका तुकडीत आठ आठवडे काम केले. ती परत आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही नेहमीच्या टेकडीवर फिरायला गेलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. एका वळणावर ती थांबली, वाकून पाहू लागली, आणि वाटेवर तिरक्या बसवलेल्या एका ओंडक्यामागे साचलेला पालापाचोळा व गाळ तिने बुटाच्या टाचेने बाजूला सारला. अडलेले पाणी लगेच उताराकडे निघून गेले. "पाणी वाटेवरून चालायला लागले की वाट वाहून जाते, म्हणून त्याला लवकरात लवकर बाहेर काढायचे," एवढेच ती म्हणाली. त्या टेकडीवर आम्ही सहा वर्षे जात आहोत आणि तो ओंडका तेथे कशासाठी आहे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तेव्हापासून या योजनांविषयी मिळेल ते वाचत आहे, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते. माझा मुद्दा थोडक्यात असा आहे की, निसर्गाविषयीची आस्था आणि रोजगाराचे कौशल्य या दोन गोष्टी तेथे वेगवेगळ्या तासांना शिकवल्या जात नाहीत. काम खरोखर गरजेचे असेल, ते नीट झाले पाहिजे असा आग्रह असेल आणि ते का करायचे हे करणाऱ्याला समजलेले असेल, तर दोन्ही एकाच वेळी साधतात. यातील एक गोष्ट जरी सुटली, तरी उरते ती केवळ स्वस्त मजुरी.

या सगळ्याचे मूळ १९३३ मध्ये आहे. अमेरिकेत त्या वर्षी दर चार कामगारांमागे एक बेकार होता. ४ मार्चला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, ३१ मार्चला कायदा झाला, ७ एप्रिलला पहिल्या तरुणाची नोंदणी झाली आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियातील जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात पहिली छावणी उभी राहिली. जुलैपर्यंत अडीच लाखांहून अधिक तरुण छावण्यांत दाखल झाले होते. सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर, म्हणजे सीसीसी, या नावाने ही योजना ओळखली गेली. सुरुवातीचा नियम असा होता की, मुलगा १८ ते २५ वर्षांचा, अविवाहित आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबातील असावा. महिना ३० डॉलर मिळत आणि त्यातील साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण डोंगरात खड्डे खणणाऱ्या मुलाचे काम दूरच्या शहरातील त्याच्या आईच्या चुलीशी जोडले जात होते.

एवढ्या कमी वेळात हे जमले, त्याचे कारण कामाची वाटणी. मुलांची निवड कामगार खात्याने केली, छावण्या, जेवणखाण व वाहतूक लष्कराने सांभाळली, आणि प्रत्यक्ष काम काय करायचे हे वनसेवा, राष्ट्रीय उद्यान सेवा व पुढे मृदसंधारण सेवा यांनी ठरवले. शहरातून आलेल्या या मुलांना कुऱ्हाड कशी धरायची हेही ठाऊक नव्हते. म्हणून प्रत्येक छावणीत जवळपासच्या गावांतील अनुभवी लाकूडतोडे, गवंडी आणि सुतार पगारावर नेमले गेले. माझ्या मते त्या योजनेचा खरा कणा ही माणसे होती. नऊ वर्षांत सुमारे तीस लाख तरुण तिच्यातून गेले, सुमारे तीन अब्ज झाडे लावली गेली, आठशेच्या आसपास उद्याने उभी राहिली किंवा विकसित झाली. डेन्व्हरजवळच्या रेड रॉक्स या खुल्या नाट्यगृहाचे काम याच मुलांनी केले आणि ते १९४१ मध्ये खुले झाले. छावण्यांत संध्याकाळी वर्ग भरत. चाळीस हजारांहून अधिक निरक्षर तरुण तेथे लिहायला-वाचायला शिकले. १९४२ मध्ये, देश युद्धात उतरल्यावर, अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, निधी थांबवला आणि योजना संपली.

त्यानंतरचा धागा एका विद्यार्थिनीने उचलला, आणि मला तो भाग सर्वांत प्रिय आहे. व्हॅसर महाविद्यालयातील एलिझाबेथ कुशमन यांनी १९५५ मध्ये आपल्या प्रबंधात विद्यार्थ्यांच्या संवर्धन पथकाची कल्पना मांडली, कारण राष्ट्रीय उद्यानांत गर्दी वाढत होती आणि निगा राखायला माणसे व पैसा अपुरा होता. १९५७ मध्ये ऑलिंपिक आणि ग्रँड टेटन या दोन उद्यानांत ५३ स्वयंसेवकांनिशी ती प्रत्यक्षात आली. आजची स्टुडंट कॉन्झर्वेशन असोसिएशन ती हीच. १९७० मध्ये १५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी यूथ कॉन्झर्वेशन कोअरचा कायदा झाला, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने स्वतःची पथके उभारली, १९९३ मध्ये अमेरिकोअर ही संघराज्याची सेवा-योजना आली. नावे बदलत राहिली. माझी मुलगी ज्या तुकडीत होती तिच्या हातातील अवजारे मात्र बऱ्याच अंशी जुनीच होती.

ज्यांनी स्वतः असे काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे. कौशल्य मिळते म्हणजे नक्की काय मिळते, आणि त्याचा पुढे उपयोग होतो का?

नदीकाठ

मी पदवीनंतर दोन हंगाम अशा पथकांत काढले, पहिला उंच डोंगरातील पायवाटांवर आणि दुसरा कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात. म्हणून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

पहिल्या हंगामात आमच्या हाती दिलेले मुख्य अवजार म्हणजे पुलास्की, ज्याच्या एका बाजूला कुऱ्हाडीचे पाते आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे आडवे पाते असते. १९१० च्या प्रचंड वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या वनरक्षकाचे नाव त्याला मिळाले आहे. पहिला पूर्ण आठवडा आम्ही ते चालवण्यापेक्षा धार लावण्यातच जास्त घालवला आणि मला त्याचा राग येत असे. बोथट अवजार घसरते आणि घसरलेले अवजार नडगीत घुसते, हे तुकडीतील एका मुलाचा बूट फाटलेला पाहिल्यावर कळले. पाय वाचला होता.

आम्ही ज्या भागात होतो तो, रान मूळ रूपात राखण्यासाठी केलेल्या, १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली येत होता. तेथे सहसा यंत्राची करवत चालवता येत नाही. वाटेवर पडलेली जाड झाडे दुहाती करवतीने कापावी लागत. ही करवत फक्त आपल्याकडे ओढायची असते, कधीही ढकलायची नाही. समोरचा ओढतो तेव्हा आपण हात सैल सोडायचा. ढकलले की पाते वाकते आणि खाचेत अडकते. पहिल्या दिवशी एक ओंडका कापायला आम्हाला दुपार झाली. तिसऱ्या आठवड्यात तेवढाच ओंडका आम्ही एकमेकांशी न बोलता कापत होतो. पण करवत लावण्याआधी ओंडक्याला फेरी मारून तो कोठे टेकला आहे, ताण वरच्या बाजूला आहे की खालच्या, कापल्यावर कोणत्या दिशेला उडेल, हे तोंडाने सांगावे लागे, आणि तुकडीप्रमुखाचे समाधान झाल्याशिवाय पहिला घाव घालता येत नसे. आज मी बांधकामावर पर्यवेक्षक आहे आणि कोणतेही जड काम सुरू करण्यापूर्वी माणसांना तसेच बोलायला लावतो.

दगडाची गोष्ट सांगतो. पाणी वळवण्यासाठी वाटेवर दगडांची तिरकी ओळ बसवायची होती. मी अर्धा दिवस खपून पहारीने मोठाले पाच दगड आणले आणि बसवले. तुकडीप्रमुख आली, एकेका दगडावर उभी राहिली आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकले. तिसरा दगड किंचित हलला. तिने सांगितले, काढा. मी म्हणालो की, माती भरली की घट्ट होईल. ती म्हणाली की, घोडे जातात, पहिल्याच हंगामात निघेल आणि त्याच्यामागे बाकीचे चार निघतील. काढला, खड्डा आणखी खोल केला, दगडाची सपाट बाजू खाली येईल असा फिरवून पुन्हा बसवला. त्याला दोन तास लागले. त्या वेळी मी मनातून फार दुखावलो होतो, परंतु काम नीट करणे म्हणजे काय, हे मला शाळा-महाविद्यालयाच्या सोळा वर्षांत कोणी इतक्या स्पष्टपणे दाखवले नव्हते.

दुसरा हंगाम टॅमरिस्क काढण्याचा होता. हे झुडूप एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आणि किनारे धुपू नयेत म्हणून बाहेरून आणले गेले, आणि नैऋत्येकडील नद्यांच्या काठांवर त्याने दाट रान माजवले. ते नुसते कापून भागत नाही, बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटते; म्हणून कापल्यापासून काही मिनिटांच्या आत ताज्या कापावर तणनाशक लावावे लागते. औषधात निळा रंग मिसळलेला असे, म्हणजे कोणते खोड राहिले ते लगेच दिसे. एक कापणारा, एक ओढणारा आणि एक रंगवणारा, असे तिघांचे गट दिवसभर चालत. मग एके दिवशी जीवशास्त्रज्ञ आल्या आणि त्यांनी आम्हाला समजावले की, विलो फ्लायकॅचर या पक्ष्याची नैऋत्येकडील उपजात, जी संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे, आता याच टॅमरिस्कमध्ये घरटी करते, कारण तिची मूळची विलोची झाडे बऱ्याच ठिकाणी उरलेली नाहीत. म्हणून विणीच्या काळात त्या पट्ट्यात काम बंद ठेवायचे आणि विलो लावल्याशिवाय सगळे एकदम साफ करायचे नाही. इतके दिवस ज्याला आम्ही शत्रू समजत होतो त्याच्या फांदीत एका दुर्मीळ पक्ष्याचे घर असू शकते, हे कळल्यावर त्या संध्याकाळी तुकडीत जेवढी चर्चा झाली तेवढी संपूर्ण हंगामात झाली नव्हती.

आता कटू भाग. पब्लिक लँड्स कोअर, म्हणजे सार्वजनिक जमिनींवरील संवर्धन पथकांची सरकारी योजना, हिच्या नियमांनुसार ठरावीक सेवा, म्हणजे ६४० तास, समाधानकारकपणे पूर्ण करणाऱ्याला संघराज्याच्या जमीन-व्यवस्थापन संस्थांत खुल्या स्पर्धेबाहेरून नेमणूक मिळण्याची पात्रता येते. २०१९ च्या कायद्याने तिची मुदत दोन वर्षे केली. मी त्याच आशेने दुसरा हंगाम घेतला होता. ज्या संस्थेत मी होतो तिने तासांची नोंद व्यवस्थित ठेवली नाही, प्रवासाचे आणि प्रशिक्षणाचे दिवस कागदावर आलेच नाहीत, आणि शेवटी माझे ३२ तास कमी भरले. प्रमाणपत्र मिळाले नाही. काम केले होते, दगड अजून तेथे आहेत, पण कागद नव्हता. म्हणून येथे वाचणाऱ्या प्रत्येक तरुणाला माझे कळकळीचे सांगणे आहे की, स्वतःच्या वहीत रोजचे तास लिहा आणि दर आठवड्याला तुकडीप्रमुखाची सही घ्या.

पालकत्व

नदीकाठ, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे, महाविद्यालयात लगेच जायचे नाही म्हणतो आणि त्याला वणवा विझवणाऱ्या पथकांत जायचे आहे. त्याच्या आईला अर्थातच भीती वाटते. संवर्धन पथकातून तिकडे जाण्याचा रस्ता खरोखर आहे का, आणि तो कितपत सुरक्षित आहे?

जुनेपान

रानवाट यांनी लिहिलेला इतिहास बरोबर आहे, पण तो उजेडाच्या बाजूने लिहिला आहे. दुसरी बाजूही येथे नोंदवली पाहिजे असे मला मनापासून वाटते, कारण आज अशी योजना आखणाऱ्यांना तिचाच अधिक उपयोग आहे.

सीसीसीच्या कायद्यात वंश, वर्ण वा पंथावरून भेदभाव करू नये, असे कलम होते. त्या वेळच्या प्रतिनिधिगृहातील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य ऑस्कर डी प्रीस्ट यांनी ते घालायला लावले. तरीही संचालक रॉबर्ट फेकनर यांनी १९३५ मध्ये छावण्या वेगळ्या करण्याचा आदेश काढला. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय तरुणांनी या योजनेत काम केले, ते बहुतांशी वेगळ्या छावण्यांत आणि सहसा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली. मुलींना तर प्रवेशच नव्हता. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या आग्रहामुळे न्यूयॉर्क राज्यात बेअर माउंटन परिसरात १९३३ मध्ये स्त्रियांसाठी कॅम्प टेरा सुरू झाला आणि पुढे आणखी काही छावण्या निघाल्या, परंतु त्या सर्वांतून मिळून सुमारे साडेआठ हजार स्त्रियांनाच लाभ मिळाला. तीस लाखांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. आज रानवाट यांच्या मुलीच्या हाती अवजार आले, त्यामागे हा अन्याय दूर व्हायला लागलेली अनेक दशके आहेत.

निसर्गाच्या बाजूनेही चुका झाल्या आणि त्या लहान नव्हत्या. कुडझू ही वेल १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातून अमेरिकेत आली. १९३० च्या दशकात दक्षिणेकडील शेतांची माती वाहून जात होती, तेव्हा मृदसंधारण सेवेने ही वेल उपाय म्हणून पसरवली, आणि ती लावणाऱ्यांत सीसीसीची मुलेही होती. आज त्याच राज्यांत तरुणांची पथके ती उपटतात. डेलावेअरच्या खाऱ्या पाण्याच्या दलदलींत डासांच्या निर्मूलनासाठी सीसीसीने मैलोन्‌मैल चर खणले. डासांपेक्षा त्या पाणथळ जागेचे जगणे अधिक बिघडले, असे पुढे दिसून आले. परिसंस्थेचे अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांनी स्वतः १९३३ मध्ये नैऋत्येकडील छावण्यांच्या धूपनियंत्रणाच्या कामावर देखरेख केली होती. पुढे त्यांनी दाखवून दिले की, एक तुकडी ट्राउट माशांसाठी ओढा सुधारत असताना दुसरी तुकडी त्याच ओढ्याच्या काठाने रस्ता कापून त्यात माती लोटत होती. दोन्ही तुकड्या प्रामाणिकपणे राबत होत्या. त्यांना एकत्र बसवून संपूर्ण ओढ्याचा विचार करणारे कोणी नव्हते, एवढाच दोष होता आणि तो फार मोठा होता.

म्हणून लावलेल्या झाडांची संख्या हे यशाचे माप मानायला माझी तयारी नाही. किती जगली, कोणत्या जातीची होती, तेथे ती हवी होती का, हे प्रश्न त्या खणणाऱ्या मुलालाही विचारता आले पाहिजेत. नदीकाठ यांच्या टॅमरिस्कच्या प्रसंगात नेमके ते घडले, म्हणून तो मला या धाग्यातील सर्वांत मोलाचा भाग वाटला.

रानवाट

जुनेपान, आपली दुरुस्ती मनापासून मान्य. कुडझूची हकीकत मी वाचली होती आणि तरी लिहिली नाही, कारण मला योजनेची बाजू मांडायची घाई झाली होती. संध्याकाळच्या वर्गांविषयी मी जे लिहिले त्यात आता एवढे जोडते की, तेथे अक्षरओळख मिळाली, पण आपण करतो त्या कामाची चिकित्सा करण्याची मुभा क्वचितच मिळाली असावी. लष्करी शिस्तीच्या छावणीत ती मिळणे कठीणच होते. मुलीला विचारले तेव्हा तिने सांगितले की, त्यांच्याकडे आठवड्यातून काही तास केवळ शिकण्यासाठी राखलेले होते आणि त्या वेळात ओढ्यातील किडे मोजून पाण्याची प्रत ओळखायला त्यांना शिकवले गेले. दगडाखाली मेफ्लाय आणि स्टोनफ्लायच्या अळ्या सापडल्या तर पाणी चांगले, हे तिने मला वाटीत पाणी घेऊन दाखवले. ज्या ओढ्यावर त्यांनी लाकडी साकव बांधला, त्याच ओढ्यात त्यांनी ही मोजणी केली होती.

पैशाविषयीही बोलले पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या पथकांचे घोषवाक्यच "कठोर मेहनत, कमी पगार, हालअपेष्टा आणि बरेच काही" अशा अर्थाचे आहे. त्यातील प्रामाणिकपणा मला आवडतो, पण कमी पगाराचा अर्थ असाही होतो की, ज्याच्या घरून थोडी मदत येते तोच एक हंगाम काढू शकतो. सीसीसीने निदान गरिबांच्या मुलांसाठीच दार उघडले होते. आज अमेरिकोअरमधून सेवा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी रक्कम मिळते, ती उपयोगी आहे, पण सेवेच्या महिन्यांत घरभाडे भरायला ती येत नाही. शिवाय निधी राजकारणाच्या हातात असतो. १९७७ मध्ये सुरू झालेले प्रौढ तरुणांचे संवर्धन पथक १९८२ मध्ये बंद झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकोअरच्या एनसीसीसी या निवासी पथकांतील सदस्यांना मुदत पूर्ण होण्याआधीच घरी पाठवले गेले. दहा महिन्यांचे नियोजन करून निघालेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला असे मधूनच परत पाठवणे मला अत्यंत चुकीचे वाटते.

नदीकाठ

पालकत्व, आपला प्रश्न मागे राहू नये.

रस्ता आहे. अनेक पथके वणव्याचे मूलभूत प्रशिक्षण देतात. रानातील आगीवर प्रत्यक्ष कामाला जाण्याआधी शारीरिक चाचणी द्यावी लागते. सर्वांत कठीण पातळीची चाचणी म्हणजे ४५ पौंड वजन पाठीवर घेऊन ३ मैल अंतर ४५ मिनिटांत, न धावता, चालून जाणे. आपल्या मुलाला त्याचा सराव आतापासून करता येईल, मात्र वजन हळूहळू वाढवावे. कॅलिफोर्नियाच्या पथकांत १८ ते २५ वयोगटाला प्रवेश आहे आणि त्यांच्या काही तुकड्या खास वणव्यासाठीच असतात.

सुरक्षिततेविषयी खोटे आश्वासन देणार नाही. १९३७ च्या ऑगस्टमध्ये वायोमिंगच्या शोशोनी राष्ट्रीय वनात ब्लॅकवॉटर वणव्याने पंधरा जणांचा बळी घेतला आणि त्यांतील बरेच जण सीसीसीचे तरुण होते. वारा अचानक फिरला आणि ते दरीत अडकले. आजची शिस्त अशा मृत्यूंच्या अभ्यासातून आली आहे : एक माणूस फक्त पाहणीसाठी उभा, सुटकेची वाट आधीच ठरलेली, सुरक्षित जागा प्रत्येकाला माहीत. तरीही धोका उरतोच. पहिला हंगाम पायवाटांचा किंवा वाळलेले झाडझाडोरे कमी करण्याच्या कामाचा घ्यावा, असे मी सुचवेन. त्यात करवत, नकाशा, प्रथमोपचार आणि थकल्यावरही नीट वागणे, हे सगळे शिकून होते, आणि आगीचे काम आपल्याला जमेल की नाही हे मुलाला स्वतःलाच कळते.

संस्था निवडताना मुलाखतीत त्याने चार गोष्टी विचाराव्यात. तुकडीप्रमुखाने स्वतः किती हंगाम काम केले आहे, कोणती प्रमाणपत्रे हंगामाच्या शेवटी हाती मिळतील, तासांची नोंद कोण ठेवते, आणि जवळच्या रुग्णालयापर्यंत पोहोचायला कामाच्या जागेवरून किती वेळ लागतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना तत्काळ देता आले नाही, त्या ठिकाणी मी माझ्या भावालाही पाठवणार नाही.

आणि त्याच्या आईला सांगा की, चामड्याचे उंच बूट आता लगेच घेऊन द्यावेत आणि निघण्यापूर्वी महिनाभर त्याला ते रोज घालायला लावावेत. पहिल्या आठवड्यात घरी परतलेली जी मुले मी पाहिली, ती बहुतेक नव्या बुटांनी पाय सोललेली होती.